आठ बोटांचा काठ

सौसर, ता. ९ नोव्हेंबर २०२५

ती. शालिकराम मामांना,
वैशालीचा सविनय जय भीम. वि. वि.

सोबत आईच्या लग्नाची पांढरी साडी पाठवून राहिली आहे. पांढुर्ण्याच्या बसवाल्याकडे दिली. स्टँडवर उतरवून घ्या. फोनच केला असता, पण बाबा जवळच बसतात, त्यांच्यासमोर हे सांगवत नाही.

मामा, साडी नेसून पाहिली. निळा काठ आठ बोटं रुंद, मी त्यात बुडूनच जाते. सुमेध सहा फूट, मी चार फूट नऊ. मोहगावची त्याची आत्या साखरपुड्यातच म्हणाली, की पोराने शाळेतून पोरगी उचलून आणली की काय. सगळे हसले, मीही हसले. अर्धा काठ कापून टाका. आई उंच होती, तिला शोभला. ती गेली तेव्हा मी पाच वर्षांची. पण मान वर करून तिच्याकडे पाहायची, ते पक्कं आठवते. घरात फोटो एकच, तोही खुर्चीत बसलेला. तिचं काहीच माझ्यात आलं नाही. निदान साडी तरी माझ्या मापात येऊ द्या.

मामींना जय भीम. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
वैशाली

पांढुर्णा, ता. १२ नोव्हेंबर

चि. वैशालीस मामाचे अनेक आशीर्वाद.

साडी पोचली. काज-बटणापासून सुरुवात करून तीस वर्षं बायकांचे कपडे शिवून राहिलो, बाई. पडद्याआड त्या काय कुजबुजतात ते मशीन चालू असतानाही मला ऐकू येते. उंच म्हणते मी बांबू दिसते, ठेंगणी म्हणते मी डबा दिसते. सुमेधची आत्याबाईही कुठल्यातरी टेलरकडे असंच काही बोलत असेल.

ब्लाऊज पांढराच शिवतो. निळा घातला की अंगाचे दोन तुकडे दिसतात. बाही कोपराच्या वर. परकर घेरदार नको, खाली निमुळता. निऱ्या बारीक घे, पदराच्याही बारीक प्लेट्स पाडून गुडघ्याखाली सोड. लग्नाची सँडल पाठव, तिच्या टाचेवर लांबी धरतो.

कात्रीचं मात्र विचार करून सांग. कापलेला काठ परत येत नाही. बाबांना विचारलंस का? उत्तर येईपर्यंत हात लावत नाही.

खुशाली कळवत जा.

तुझा मामा

सौसर, ता. १५ नोव्हेंबर

ती. मामांना सविनय जय भीम. वि. वि.

बाबांना विचारलं. उठले आणि अंगणातले कपडे काढू लागले. ते अजून ओलेच होते. नाही तर म्हणाले नाहीत ना? सँडल पाठवते. लग्न तेवीसला आहे. त्या साडीत मी दुसऱ्या कोणाची वस्तू नेसल्यासारखी दिसते. कापा, मामा.

रागावू नका, जीव लावत राहा.

वैशाली

पांढुर्णा, ता. १७ नोव्हेंबर

चि. वैशालीस अनेक आशीर्वाद.

साडी कापली नाही.

तुझ्या मापाने, टाच धरून, काठावर खडूची रेघ मारली. चष्मा लावून पाहिलं, तर तिथं सुईची जुनी भोकं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बरोबर रेघेवरच. टाके माझेच. विसरलो होतो असं म्हणत नाही, आठवायचं नव्हतं.

तुझी आई यमुना तुझ्याएवढीच होती, पोरी. अर्धा इंच कमीच. पाच वर्षांच्या लेकराला आई उंचच दिसते. तिच्या लग्नात हाच काठ मी आत दुमडून शिवला होता.

मग आजारपणात नागपूरहून तिला घरी आणलं, डॉक्टरांनी हात टेकले म्हणून. तेव्हा तिनं ही साडी पेटीतून काढायला लावली आणि टाके उसव म्हणाली. कशाला, म्हणून विचारलं. म्हणाली, वैशू बापावर गेली आहे, उंच होईल, तिला पूर्ण काठ लागेल. मी खाटेशी बसून उसवत गेलो. ती एकेक धागा वेचून मुठीत धरत होती. तुझे बाबा तिथंच उभे होते.

काल त्याच भोकांतून हातानं टाके घातले. नवं भोक एकही पाडलं नाही. टाके कच्चे आहेत. पुढे कधी उसवायचे ते तू ठरव.

साडी घेऊन मी स्वतःच येतो. नेसलीस की आरशाकडे नंतर जा, आधी बाबांसमोर उभी राहा.

आहे तो लोभ वाढवावा.

तुझा
शालिकराम मामा