काहील बंधाऱ्यापलीकडे

रविवार, २२ जानेवारी १९७८

खांदे दुखतायत, तरी आजच लिहून ठेवतो. दर रविवारी आम्ही चौघं गूळ करायच्या जुन्या काहिलीत बसून रावेतहून काळेवाडीपर्यंत नदीनं जातो. मधे बंधारा येतो. तिथं काहील उचलून काठच्या पाऊलवाटेनं पलीकडे न्यायची, पुन्हा पाण्यात सोडायची. आज त्या वाटेवर तारेचं कुंपण. नव्या कंपनीचं, थेट पाण्यापर्यंत.

"माझा बा हितनंच जायचा. वाट काय कंपनीची न्हाई," आमच्यातले खंडूकाका म्हणाले. सत्तरीचे आहेत, पण माघारी फिरायला तेच तयार नव्हते. मग काहील डोक्यावर घेतली, वळसा घालून कंपनीच्या फाटकावर गेलो.

वॉचमन हसला. "काय राव, आत गुऱ्हाळ घालताय का?"

"पलीकडं पाण्यात उतरायचंय. तुमच्या तारेनं वाट अडवलीय," मी म्हणालो.

तो घुटमळला, मग रजिस्टर पुढे सरकवलं. "नोंदीशिवाय सोडता येत नाही, भाऊ."

नाव लिहिलं. पुढचा रकाना, 'कोणास भेटावयाचे'. मी लिहिलं, पवना नदी. त्यानं दोनदा वाचलं आणि फाटक उघडलं.

पण ती तार डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या दुसरा वॉचमन असला तर? आणि वहिवाटीची वाट मागून का घ्यायची? एक-दोन रविवार चुकवले की वहिवाट संपलीच. पुढच्या खेपेला आकुर्डीतल्या सगळ्या ओळखीच्यांना नेतो. प्रत्येकानं त्या रकान्यात तेच लिहायचं. रजिस्टर भरलं की कंपनीनं नवं आणावं, नाहीतर तार काढावी.