आधी पाणी, मग माया

आई,

काल पुन्हा दोन किलो हळद आणली. वाण्याच्या मुलाने पहिल्यांदा विचारलं होतं, "मॅडमजी, घर में शादी है क्या?" आता विचारत नाही, मला बघितलं की पुडा बांधायला घेतो. उद्या नव्या नर्सेसची ड्रिल आहे. मी हॉस्पिटलातून निवृत्त झाले तरी मला बोलावतात आणि मलाही नाही म्हणवत नाही, ही तुझीच खोड. हळद डब्यात ओतताना तू आठवतेसच, पण काल तुझ्याबरोबर एक जुनी गोष्टही वर आली, जी तुला सांगायची राहून गेली. आणि बघ, मी मराठीत लिहिते आहे. तू मराठीत बोलायचीस, मी हिंदीत उत्तर द्यायचे, आणि तू कपाळाला हात लावून म्हणायचीस, "पोट्टी पंजाबचीच झाली बाप्पा." तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा काणाडोळा कर.

सुरुवात त्या शेतकऱ्यापासून झाली. मी आठवीत असेन. बाबांची बदली होऊन आपण चंदीगडला आलो त्याला बरीच वर्षं झाली होती आणि तू हॉस्पिटलात नर्सेसना शिकवत होतीस. जवळच्या एका गावातून एका शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलं, फवारणीचं औषध त्याच्या अंगावर सांडलं होतं. वॉर्डातल्या आयाने त्याचे भिजलेले कपडे उघड्या हातांनी काढले, बोळा करून काखेत धरले आणि धुवायला नेले. दुपारी ती स्वतःच शेजारच्या खाटेवर होती, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. वाचली बिचारी. पण तू घरी येऊन ओट्याशी नुसती उभी राहिलीस. "तिचं काय चुकलं? माणूस तळमळून राहिला तर बाई हात लावणारच ना. हात कधी लावायचा नाही, ते मीच शिकवलं नाही कोणाला." त्यानंतर तू हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या मागे लागून नागपूरला कोर्सला गेलीस. परत आलीस ती संत्र्याची बर्फी आणि एक जाड वही घेऊन. बर्फी आठवड्यात संपली. वही माझ्याकडे आहे.

वहीत सगळं होतं, वारा कुठून येतो ते बघा, रोग्याला दाराबाहेर थांबवा, कपडे उतरवा, भरपूर पाणी ओता, मगच आत घ्या. पण वहीने कोण शिकतं? न दिसणारं विष दाखवायचं कसं, याची युक्ती तुझी स्वतःची होती. खोट्या रोग्याला तू हळदीने माखायचीस. कॅज्युअल्टीच्या मागच्या हिरवळीवर चुन्याची रेघ मारायचीस. रबरी हातमोजे आणि गमबूट घातलेल्या दोघींनीच रेघ ओलांडायची, माळ्याच्या पाइपने रोग्याला धुवायचं, बाकीच्यांनी अलीकडे उभं राहायचं. ड्रिल संपली की तू रांगेतून फिरायचीस, "हाथ दिखाओ." ज्याचा तळवा पिवळा, तो बाकावर. "आप भी मरीज हो गए जी." पहिल्या ड्रिलला निम्मा वॉर्ड बाकावर बसला होता. डॉक्टर मंडळी व्हरांड्यातून हसत होती. रोग्याला हात लावून आलेले एक सरदारजी डॉक्टर ओरडले, "सिस्टरजी, व्याह किसदा है?" तू हसलीस, आणि त्यांचेच हात बघितलेस. पिवळे. तेही बाकावर. "आधी पाणी, मग माया," असं तू घरी मला सांगायचीस. त्या मंडळींसाठी त्याचं "पहले पानी, फिर प्यार" झालं होतं आणि पोरी ते तुझ्या मागे तोंडात रुमाल धरून म्हणायच्या.

मग ती जानेवारीतली ड्रिल. थंडीत भिजायला कोणी तयार होईना, म्हणून तू घरचंच माणूस नेलंस. मी नववीत. रविवारी सकाळी, दाट धुक्यात, मी ॲम्ब्युलन्समध्ये पडून आहे. केसांपासून मोज्यांपर्यंत हळद, डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे घट्ट मिटलेले. गाडीचं मागचं दार इमारतीकडे नाही, पलीकडच्या भिंतीकडे आहे. तू म्हणालीस, शिट्टी वाजली की कण्हत खाली उतर. मी आगाऊ, शिट्टीआधीच उतरायला गेले. पायरी चुकले आणि कोपर सिमेंटच्या कडेवर आदळलं. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. "आई गं!" म्हणून अशी ओरडले की गाडीपलीकडून टाळ्या आल्या. त्यांना वाटलं काय झकास नाटक करते. डोळे उघडवत नाहीत. तेवढ्यात कोणीतरी माझ्या डोक्याखाली हात घातला, दोन्ही हात, गरम. क्षणभरच. मग ते हात गेले आणि लांबून, चुन्याच्या रेघेकडून, तुझा आवाज आला, "कोई हाथ नहीं लगाएगा! पहले पानी!"

ते पाणी मी विसरलेली नाही. जानेवारीतलं, पाइपचं. मी रडते आहे, खरंच मोडलंय म्हणून हिंदीतून, मराठीतून सांगते आहे, आणि तू ओरडते आहेस, "केस भी धोओ, कान के पीछे!" सगळं धुऊन झाल्यावरच मला आत नेलं. व्हीलचेअरवर कुडकुडत मी बघितलं, तू रांगेसमोरून जात होतीस, "हाथ दिखाओ." सगळे तळवे स्वच्छ. आयाचेसुद्धा. डोक्याखाली हात तिनेच घातला असेल असं मी धरून चालले होते, पण तिचे हात धुतल्या तांदळासारखे. तुझे हात एप्रनच्या खिशात होते. थंडी होती, कोणाला काही वाटलं नाही. मोठे साहेब म्हणाले, "सिस्टर, अपनी बेटी के लिए भी नहीं हिलीं! कमाल है।" ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं.

पुढचे काही दिवस मी तुझा पुरता सूड घेतला. डावा हात प्लास्टरमध्ये. तू ताट वाढलंस की मी म्हणायचे, "पहले पानी." तू मुकाट्याने पेला भरून ठेवायचीस. केस विंचरायला आलीस तरी "पहले पानी." तू एकदाही रागावली नाहीस, आणि त्याचाही मला राग यायचा. मला एवढंच कळत होतं की रेघेच्या एका बाजूला तुझी शिस्त होती, दुसऱ्या बाजूला मी होते, आणि तू शिस्तीच्या बाजूला उभी राहिलीस.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी शाळेतून आले, घराला कुलूप. शेजारणीकडे तू धोब्याला द्यायच्या कपड्यांचं बोचकं ठेवलं होतंस, किल्ली त्यातल्या एप्रनमध्येच राहिली असणार म्हणून मी खिशात हात घातला. हात बाहेर आला तो पिवळा. दुसरा खिसा उलटा केला. तोही आतून पिवळाधमक, बोटांचे ठसे मोजता यावेत असा. मी तिथे पायरीवरच बसले. मग मला एक वेडं सुचलं. हे कोणी बघता कामा नये. एका हाताने बादलीत एप्रन भिजवला, साबण चोळला, तर हळद लालभडक झाली! मी घाबरून अजून चोळलं, अजून लाल. शेवटी शेजारीण म्हणाली, "पुत्तर, हल्दी साबुन नाल नहीं जांदी, धुप्पे पा दे." खिसे उलटे करून मी तो गच्चीवर दोन दिवस उन्हात टाकला. दुसऱ्या संध्याकाळी कपडे तू काढून आणलेस. खिसे पांढरे झाले होते. तू ते नीट आत सारलेस आणि एप्रन खुंटीला अडकवलास. त्या रात्री जेवताना मी "पहले पानी" म्हटलं नाही, एवढंच.

जूनमध्ये चंदीगडलगतच्या मनीमाजऱ्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात अमोनिया सुटला. चार कामगार आणले. तुझी चुन्याची रेघ, पाइप, हातमोजे, सगळं पाठ असल्यासारखं झालं. त्यांतल्या एका तरण्या कामगाराची आई मागोमाग धावत आली. तू तिला रेघेवर अडवलंस. तिने तुला मारलं, तुझा अंबाडा सुटला. "तू माँ है कि पत्थर?" ती ओरडत होती, आणि तू तिला कवेत धरून म्हणत राहिलीस, "पाँच मिनट, बहनजी, बस पाँच मिनट।" हे मला आयाने सांगितलं. चौघेही वाचले आणि या खेपेला वॉर्डातलं कोणीही खाटेवर पडलं नाही. तू जिंकली होतीस. पण घरी आलीस, स्वयंपाकघरातल्या वेताच्या मोढ्यावर बसलीस, केस तसेच मोकळे, आणि मला विचारलंस, "मी खरंच दगड आहे काय गं?"

उत्तर मला ठाऊक होतं. अख्ख्या चंदीगडात एकट्या मला ठाऊक होतं. आणि मी म्हणाले, "नहीं मम्मी. चाय बना दूँ?" का, ते आजही नीट सांगता येत नाही. लाज वाटली. तुला सांगायचं तर मराठीतून सांगावं लागलं असतं, आणि एवढं मोठं बोलण्याइतकं मराठी माझ्या तोंडात नव्हतं. तू चहा प्यायलीस आणि केस बांधलेस. पुन्हा कधी तू विचारलं नाहीस आणि मग विचारायला तूच राहिली नाहीस.

नाही आई. तू दगड नव्हतीस. तू धावली होतीस, सगळ्यांच्या आधी, हातमोजे न घालता. ते विष खरं असतं तर बाकावर पहिली तू बसली असतीस. माझ्या डोक्याखालचे ते हात मला आजही कळतात.

हे कागद तुझ्या नागपूरच्या वहीत ठेवते, दुसरा पत्ता माझ्याजवळ नाही. आणि एक कबुली. उद्या वर्गात मी दर वेळेसारखं खोटंच सांगणार आहे, की माझं कोपर मोडलं तरी माझी आई रेघेवरून हलली नाही. पोरी ते ऐकतात आणि मग कोणी धावत नाही. खरं सांगितलं तर सगळ्याच धावतील. फक्त माझ्या एप्रनचे खिसे मी शिंप्याकडून उसवून घेतलेत. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं नाही. तुझीच मुलगी आहे, माझा काय भरवसा.