वरच्या खोलीतला भूषण

१४ जानेवारी, मंगळवार

आईने पकडलं!

सकाळपासून कॉलनीत पतंगांचा दंगा. समोरच्या शालिनीवहिनी तिळगूळ घेऊन आल्या, माझ्या बायकोने, सुनीताने, दारातूनच खुणेने परत पाठवलं. आईला दिसत नाही, कालचं कधी आठवतं, कधी नाही, पण नाक-कान शाबूत.

"सुनीता, तीळ भाजल्याचा वास नाही आला गं या वेळी?"

सुनीता माझ्याकडे बघते, मी सुनीताकडे.

"वर्षाच्या आत कोणी गेलं असेल तरच आपल्याकडे तिळगूळ होत नाही. कोण गेलं?"

मी म्हटलं, देवासचे मामा. एकदम थाप! मामा बिचारे तिकडे धडधाकट आहेत. आई म्हणाली, "मामासाठी सण बंद ठेवतात होय रे? घरातलंच कोणीतरी गेलंय." मग भाताला तोंड लावलं नाही. सातपासून आठपर्यंत चमचा हातात धरून बसलो. ती वेळ माझीच आहे – रोज मीच भरवतो.

भूषण गेला त्याला आज त्रेचाळीस दिवस. गौतमपुऱ्याला लग्नाचा कार्यक्रम करून परतताना ऑर्केस्ट्राची गाडी उलटली. भाऊ गेला, त्याची गिटारही गेली. आई तेव्हा खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले हार्ट कमजोर आहे, धक्का नको. शोभनाताईने ठरवलं – सांगायचं नाही. चार-आठ दिवसांचा प्रश्न होता तेव्हा. आता दीड महिना झाला, कसं सांगणार?

ताईचीच दुसरी थाप: भूषणच्या छातीत इन्फेक्शन आहे, वरच्या खोलीत वेगळा ठेवलाय, तुझ्याजवळ यायचं नाही. आईने ऐकून घेतलं. पण रोज विचारते – वर आहे ना, मग वाजवत का नाही?

१६ जानेवारी, गुरुवार

ताईचा उज्जैनहून फोन. "तू वाजव ना! तुला पण येतं थोडं थोडं."

थोडं थोडं. बरं.

वाजवलं. कंपनीतून आल्यावर बाहेरच्या जिन्याने गुपचूप वर गेलो, सात वाजता, भूषणच्या रियाजाच्या वेळी, त्याच्या खुर्चीवर बसून त्याची ती भूपातली धून काढली. स्वतःच बांधलेली, रोज तिनेच सुरुवात करायचा. रेकॉर्डिंग कुठेही नाही. मोबाइलमध्ये जे काही आहे त्यात बँड, ढोल आणि वरातीतले लोक. एक सूर चुकला नाही माझा.

खाली सुनीता आईजवळ होती. आई म्हणाली, "वर कोण बसलंय? हा भूषण नाही. गोधडीखालून वाजवतोय कोणी."

बरोबरच आहे! भूषणच्या गिटारीत तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपला एकच कॉइल – तार छेडली की काचेच्या बांगड्यांसारखी किणकिणायची. माझ्या गिटारीत हमबकर. दोन कॉइल शेजारी शेजारी, उलट्या जोडलेल्या, म्हणजे विजेच्या लाइनची गुणगुण एकमेकींत मरून जाते. आवाज स्वच्छ, जाडा आणि गोल. भूषण चिडवायचा, "यशू, तुझ्या गिटारीला साधी शिंकही येत नाही रे." 

आई आज चार चमचे वरण प्यायली. बस्स.

१९ जानेवारी, रविवार

नव्या तारा चढवल्या. अ‍ॅम्पवर ट्रेबल पूर्ण, बास शून्य. पिकअप स्क्रू फिरवून तारांपासून खाली नेला. तारा अडकवतात त्या ब्रिजच्या अगदी जवळ छेडलं. आवाज चावरा झाला, उजळ नाही. मिरची घातली म्हणून भाजी ताजी होत नाही!

आई: "कोणाला तरी बसवलंय वर. मला वेडी समजता."

२१ जानेवारी, मंगळवार

कंट्रोलचं झाकण उघडलं. व्हॉल्यूमच्या बटणाखालचा रेझिस्टन्स, म्हणजे पॉट, अडीचशे केचा निघाला! हमबकरला पाचशेचा हवा, नाहीतर वरचे सूर सगळे जमिनीत. बदलला. फरक पडला – एक पडदा सरकला म्हणा.

सुनीता वर आली. "आई म्हणाल्या, भूषणचा हात जड झालाय, अशक्तपणा असेल."

भूषणचा! म्हणाली भूषणचा! अर्धी पोळी दुधात कुस्करून खाल्ली तिने. मी जिन्यात बसून राहिलो. एका अडीचशे केच्या पॉटमागे माझी आई उपाशी होती, असं वाटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

हाफ डे टाकून कृष्णपुऱ्याला परेशभियाच्या दुकानात. वाद्यं दुरुस्त करतो, भूषणचा पक्का दोस्त. त्याला म्हटलं, हमबकरमधून एका कॉइलचा आवाज काढायचाय. त्याने पिकअप उलटा करून बघितला. "भिया, इसमें तो दो ही वायर बाहर हैं. चार होते तो स्विच लगाके एक कॉइल बंद कर देते, काम खतम. अब खोलना पड़ेगा, और अंदर का तार बाल से भी बारीक है. टूटा तो गया समझो."

मी म्हटलं पीथमपुरात पंचवीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग करतोय, केसाएवढी तार मला नको शिकवू.

मग त्याने विचारलं, कशासाठी? सांगितलं. परेश काउंटरवरच्या फडक्याला उगाच घड्या घालत राहिला. निघताना म्हणाला, "माताजी को बता देते भिया. कभी तो बताना पड़ेगा."

राग आला. सगळ्यांना सल्ले द्यायचेत. खाली तिच्याजवळ मी बसतो – म्हणजे बसायचो. आता सातला वर असावं लागतं. आठच्या गोळीने ती झोपते, सकाळी साडेसहाच्या बसला मी निघतो तेव्हाही झोपलेलीच असते.

२६ जानेवारी, रविवार

सुट्टी. पिकअप उघडला. मेण, काळी टेप, आत दोन कॉइल. भिंग लावून चारही टोकं शोधली, चार वेगळ्या वायरी जोडून बाहेर काढल्या. एकदा तार निसटली, मला वाटलं संपलं. नाही. धरली.

आता जोडणी माझ्या हातात. एक कॉइल तोडून टाकणं मला पटेना, गुणगुण येणार. म्हणून दोन्ही पॅरलल लावल्या. वा! आवाज पातळ, उजळ, आणि खरखर शून्य. इतकं नीट काम मी आयुष्यात केलं नसेल. भूषण असता तर त्याला दाखवलं असतं.

भूषण असता तर हे केलंच नसतं. काय लिहितोय मी.

२७ जानेवारी, सोमवार

आईचा निकाल: "छान वाजतंय. पण भूषण वाजवायच्या आधी वर काहीतरी गुणगुणायचं. ते नाही. भूषण नाही हा."

सुनीताने वर येऊन सांगितलं.

गुणगुण! तिला ती गुणगुण हवी आहे! एका कॉइलची गिटार अ‍ॅम्पला लावली की लाइनची गुणगुण आधी येते, सूर मागून. खाली पडल्या पडल्या तिने वीस वर्षं रोज आधी ते ऐकलं, मग धून. आणि मी इलेक्ट्रिशियन! जन्मभर लोकांच्या लाइनमधली गुणगुण मारत आलो. दिवाळीतच भूषणला बोललो होतो, "अर्थिंग बघून घे रे, लाज वाटते तुझ्या त्या खरखरीची." हसला होता. तेच शेवटचं नीट बोलणं आमचं. बाकी सगळं 'दूध आणलं का' आणि 'गाडीची चावी कुठंय'.

फार आठवण येते त्याची. तेरा दिवस विधी, मग ही गिटार – मी अजून नीट रडलोच नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

एक कॉइल अर्थला टाकली. बंद.

अ‍ॅम्प लावला आणि खोलीत ती गुणगुण उठली – भूषणच्या खोलीत, भूषणच्या ट्यूबलाइटखाली. खुर्ची त्याच्या जागेवर कोपऱ्यात सरकवली तर आणखी वाढली. म्हणून तो तिथेच बसायचा का? की नुसती सवय? आता कोणाला विचारू?

मी तारेला हातही लावला नव्हता. खालून आईचा आवाज, मोठ्याने: "आला! सुनीता, आला गं भूषण!"

वाजवलं. तारा काचेसारख्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाजवत राहिलो. खाली तिने पूर्ण पोळी खाल्ली, भाजीही. वर लोणचं मागितलं!

२ फेब्रुवारी, रविवार

ताईला फोनवर सांगितलं. ती रडली, मी रडलो. "जिंकलास रे!" म्हणाली.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुनीता म्हणते, "अहो, आज तरी खाली या ना. पंधरा-वीस दिवस झाले, आईंना भेटला नाहीत तुम्ही."

कसा येऊ? सातला वर भूषण वाजवतो. साडेसातला मी खाली गेलो तर वरचा आवाज बंद, आणि ती विचारेल, आज लवकर का थांबला? शिवाय तिला सांगितलंय की मी कंपनीत जास्तीच्या शिफ्टला असतो; घरात बोललो तर तिला ऐकू जाईल. जिन्यावरून माझी पावलं तिने ओळखली तर? म्हणून वर चपलाही घालत नाही. आवाज आत्ता कुठे बसलाय. ती जेवतेय, आणखी काय पाहिजे? उगाच चिडलो सुनीतावर. चुकलंच माझं.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर वरच. सकाळी पोहे सुनीताने वर आणून दिले. पिकअपचे स्क्रू एक-एक करून तारेखाली जुळवले, दुसऱ्या तारेचा आवाज जरा दबत होता तो मोकळा झाला. संध्याकाळी वाजवलं आणि खरं सांगतो, मला स्वतःलाच फरक कळला नाही. मी आहे की तो आहे. तीच किणकिण, तो घ्यायचा तोच श्वास मधल्या जागी. दोन महिन्यांनी भूषण घरात होता.

शांत झोप लागेल आज.

१० फेब्रुवारी, सोमवार

आई पुन्हा जेवली नाही!

सुनीता म्हणते, भिंतीकडे तोंड करून पडल्यात, हाताला हात लावू देत नाहीत. "काल फार सुंदर वाजलं ना आई," असं सुनीताने म्हटलं, तर "हो, भूषणच तो," म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

का? काय कमी पडलं? कबूल केलंय ना तिने, भूषणच तो. मग आनंदाने जेवायचं सोडून रडते कशाला? ट्रेबल आज जास्त झालं असेल, कानाला लागलं असेल. उद्या एक आकडा कमी करून बघतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वाजवत होतो. सुनीता वर आली, तोंडावर पदर. आईने तिला जवळ ओढलं, गळा चाचपला, मंगळसूत्र हातात धरलं. म्हणाली, "काढून ठेव बाई. माझ्यासाठी घालून हिंडू नकोस. भूषण वर वाजवतोय, मग गेला तो माझा यशूच. किती दिवस झाले, माझ्या यशूने मला घास भरवला नाही."

गिटार खाली ठेवली. अ‍ॅम्प बंद केला. खाली गेलो.

"आई, मी यशू."

दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. नाक, कान, हनुवटी. हसली. पोटाशी धरलं मला, "आहेस रे, आहेस" म्हणाली.

मग तिचे हात थांबले. मान वर करून तिने छताकडे कान लावला.

वर कोणीच वाजवत नव्हतं.