आबांचं हिरवं बटन

मंगळवार, संध्याकाळ. विश्रामबाग.

आज विशेष काही झालं नाही. ऑफिसातून निघताना फोनवरून पाटणच्या शेतातली मोटर चालू केली, एवढंच. आबांचे गुडघे गेलेत, त्यांना रोज विहिरीपर्यंत चालायला नको, म्हणून रविवारी मीच मोबाईल स्टार्टर बसवून आलो.

लगेच आबांचा फोन. "मोटर तू चालू केलीस व्हय रं?"

"व्हय. तुमी कुठं हायसा?"

"हितंच, मोटरच्या पेटीम्होरं. बटनाकडं हात नेला, तवर आपसूक सुरू झाली." मग म्हणाले, "लय बेस झालं." आणि फोन ठेवला.

वीस वर्षं तेच बटन दाबतायत. त्याचा हिरवा रंग त्यांच्या अंगठ्यानं पार उडालाय. रविवारी बघितलं होतं की मी. तरी स्टार्टर बसवलाच.

वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. फोनवरून मोटर बंद केली, म्हटलं आबा अजून तिथंच असतील, दाबतील ते हिरवं बटन.

तास झाला. उसाला पाणी नाही. स्क्रीनवर अजून 'मोटर बंद'. आता मलाही फोनवरचं बटन दाबवत नाही.