पंपाच्या झाकणावरचं कुंकू

आण्णा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. सांगलीला घरी आलेय. मला सुट्टी आहे, असं आईला सांगितलंय. मी समुद्रावरच्या हवेतली धूळ मोजते. जहाजाच्या पुढच्या टोकाला पंप असतो, तो हवा ओढतो, धूळ आतल्या गाळणीच्या कागदावर बसते. ती आम्लात उतरवून शिसं, लोखंड, तांबं किती ते बघायचं. वारा मागून आला की धुराड्याचा धूर येतो, म्हणून पंप लगेच बंद. सोवळं इतकं, की धातूचा कण लागू नये म्हणून चिमटासुद्धा प्लास्टिकचा. "ह्येच्यासाठी एवढी शिकलीस व्हय गं?" असं तुम्ही नक्की म्हणाला असता.

कुपवाडच्या तुमच्या वर्कशॉपात खंडेनवमीला लेथ पुसून लख्ख व्हायचं, वर झेंडूचा हार. एकदा मी पूजेआधीच त्याचं चाक फिरवलं आणि तुम्ही हातावर चापट दिलीत. "आदी कुकू लाव, मग हात लाव. त्येच्यावर घर चालतंय आपलं." मी मुसमुसत कुंकू लावते, तुम्ही मला उचलून घेता, तुमच्या शर्टाला ऑइलचा वास येतोय. बटण मीच दाबलं होतं.

यंदा खंडेनवमीला आम्ही भर समुद्रात होतो. डेकवर कुणी नाही असं बघून मी पंपाच्या झाकणाला कुंकवाचं बोट लावलं. आण्णा, बाजारच्या कुंकवात शिसं निघतं. हेच शिकलेल्या मला ते तेव्हा सुचलं नाही. तुलनेसाठी हवा न ओढता नुसता पंपात ठेवून काढलेला एक कागद असतो, त्यावर काही सापडायलाच नको. त्यावरही शिसं निघालं. म्हणजे त्या दिवसापासूनचे सगळे नमुने वाया. अक्कल कुठं गेली होती माझी?

आमच्या प्रमुख सरांना वाटतंय, पंपात गाळणीचे कागद बसवणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं हलगर्जीपणा केला. आटपाडीची आहे, आपल्याकडचीच. "सर, हातमोजं घातल्याबिगर मी कागदाची पिशवी उघडलीच न्हाई," ती सगळ्यांसमोर म्हणाली. घाबरली की ती अशीच घरचं बोलते. तिला पुढच्या सफरीतून काढलं. मग सरांनी विचारलं, पंपाला कुणी काही लावलं होतं का? पंपाची जबाबदारी माझ्याकडं होती. ती आशेनं माझ्याकडं बघत होती आणि मी नाही म्हणाले.

हे पत्र खरं तर सरांना लिहायला बसले होते. वर तुमचं नाव घातलं, कारण तुम्ही काही विचारणार नाही.