लोखंड न टाकता

८ जानेवारी २०२४, सांगली
सकाळी नऊला लॅब. ॲलिलिक ॲसिटेट या रसायनावर अमाइन हे दुसरं रसायन जोडायची रिॲक्शन पुन्हा लावली. ती घडवून आणायला सगळे पॅलेडियम हा धातू वापरतात. ते महाग, म्हणून मी लोखंडाचा क्षार टाकतो. आजवर आठ वेळा काहीच झालं नाही. आज टीएलसीच्या पट्टीवर नव्या पदार्थाचा ठिपका! शुद्ध करून वजन केलं – चौऱ्याऐंशी टक्के उत्पन्न!
लॅब अटेंडंट केरबामामा म्हणाले, "लोखंडानं हुतंय व्हय रं? मग माझी मोडकी विळी बी टाक की!"
माझा फ्लास्क ढवळणारा स्टरर बंद पडलाय, म्हणून माझ्याबरोबर पीएचडी करणाऱ्या तारिकच्या बाकावर काम केलं. ऑगस्टमध्ये माधवनगरच्या रस्त्यावर अपघातात तो गेला. त्यानंतर तिथं कोणी बसलं नव्हतं.

१० जानेवारी
माझ्या गाईड समीना मॅडम खूश. साताऱ्याच्या चर्चासत्रात मीच बोलायचं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरणही हेच.
"पण त्याआधी एकदा लोखंड न टाकता लावा, मल्हार."
नियमच आहे. लावतो.

११ जानेवारी
लोखंड टाकलं नाही. तरी ऐंशी टक्के!!
केरबामामा – "काय बी न टाकता हुतंय? मग तुमी समदी पगार कशाचा घेता रं?"

१२ जानेवारी
सापडलं. फ्लास्कमध्ये फिरणारा मॅग्नेट तारिकच्या ड्रॉवरमधला. त्यानं दोन वर्षं पॅलेडियमवरच काम केलं. मॅग्नेटच्या पांढऱ्या कवचावर करडी झाक आहे, ती त्या पॅलेडियमचीच. साबणानं, ॲसिटोननं जात नाही. नवा मॅग्नेट घालून लावलं – शून्य.
म्हणजे माझं लोखंड नुसतं बसून होतं. रिॲक्शन तारिक करून देत होता! जिन्यात जाऊन एकटाच हसलो. मग बराच वेळ तिथंच उभा राहिलो.
मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "होता तेव्हाही न विचारता तुमचं काम करून टाकायचा."
"चर्चासत्रातून नाव काढू?"
"कशाला? हेच सांगा."

१४ जानेवारी
वडूजहून आईचा फोन. सगळं सांगितलं.
"लय म्हाग असतंय का रं ते? मग जपून ठिव."

२० जानेवारी, सातारा
बोललो. "शून्य" म्हटल्यावर सभागृह हसलं. चहाच्या वेळी एक प्राध्यापक म्हणाले, "गड्या, आमचे मॅग्नेट सोमवारी आधी बघतो!"
प्रबंधातलं ते प्रकरण गेलं. पीएचडीचे सहा महिने वाढले. परतीच्या एसटीत मात्र गाढ झोप लागली.

२२ जानेवारी
लॅबमध्ये एकटाच. तारिकचे अकराही मॅग्नेट तीव्र आम्लांच्या मिश्रणात टाकले. करडेपणा गेला, त्याबरोबर तारिकचं पॅलेडियमही. नळाखाली धुतले, पुसले आणि सगळ्यांच्या वापराच्या डब्यात टाकले.