मिरची कांडायचा चढा दर

प्रिय आत्या,

तुम्ही गेल्यापासून आपल्या मिरची-कांडपाच्या डंकावर भांडायला हक्काचं माणूस उरलं नाही, म्हणून हे पत्र. आज सकाळी तुमच्या मुलाशी वाद घालून मी पाटी पुसली आणि मिरची कांडायचा दर पुन्हा तुमच्या वेळचा लिहिला. हे तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

या भांडणाचं मूळ तर तुम्हीच! गल्लीच्या तोंडाशी बाळूनं नवा डंक टाकला, दर आपल्यापेक्षा बराच कमी ठेवला, तेव्हा अख्खी राजारामपुरी म्हणाली, आता म्हातारी वठणीवर येणार. आणि तुम्ही काय केलंत? दुसऱ्याच दिवशी आपला दर वाढवलात! मी कपाळाला हात लावला. "आत्या, गिऱ्हाईक जाईल की," म्हटलं, तर म्हणालात, "जाऊ दे की! दर उतारला की माणूस घाई करतंय. घाईची चटणी माझ्या दारातनं भाईर जायची न्हाय."

केवढा ताठा होता हो तुमचा! माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आई नेसरीहून मिरच्यांचं पोतं घेऊन आली, तर विहीणबाईंकडूनही पुरता दर घेतलात. वर जेवायला मात्र पुरणपोळी. मला आईसमोर मान वर करवेना. निघताना ती म्हणाली, "बाई सरळ हाय. तुला तरास न्हाय हितं." तेव्हा मला तुम्हा दोघींचाही राग आला होता.

पण काम तसंच होतं तुमचं. एका घराची चटणी झाली की उखळ झाडायचं, पुसायचं, मूठभर खडेमीठ कांडून ते टाकून द्यायचं, मगच दुसऱ्या घराची मिरची आत. मिरची दमट लागली तर "ऊन दावून आणा, पावणं" म्हणून परत पाठवायचात. बाई समोर बसायची आणि आपलीच चटणी आपल्या घरी न्यायची. हे सगळं त्या दरात होतं. पण ते गिऱ्हाइकाला समजावून सांगणं तुम्हाला कमीपणाचं वाटायचं. दोन शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

तुमच्यामागं या उन्हाळ्यात तुमच्या चिरंजीवांनी दर बाळूच्या बरोबरीला आणला. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं. गर्दीही झाली! दारात पोत्यांची रांग लागली. पण त्या दरात भागवायचं तर घाई आली. आधी मीठ गेलं, मग पुसणं गेलं. पुढं पुढं दोन घरांची मिरची एकदमच उखळात पडायला लागली, आणि चटणी अंदाजानं वाटून द्यायची. कोण बघतंय?

मुमताजभाभींनी बघितलं. कुरुंदवाडहून दरवर्षी एसटीनं पोतं घेऊन येणाऱ्या तुमच्या भाभी. त्यांनी पाटी वाचली आणि टेकवलेलं पोतं परत उचललं. मी म्हटलं, "भाभी, स्वस्त झालंय की आता." तर म्हणाल्या, "त्येचंच भ्या वाटतंय गं. आत्या गेल्या, दर उतारला. आता आनी काय काय उतारलं आसंल, कुणाला ठावं?" त्या वेळीही उखळात दोन घरांची मिरची होती. त्या बाळूकडंही गेल्या नाहीत. पोतं घेऊन तशाच स्टँडकडं गेल्या.

तेव्हापासून जिवाला चैन नव्हतं. म्हणून आज पाटी बदलली. तुमचा मुलगा चिडलाय. म्हणाला, "एवढा हंगाम बघू. न्हाय जमलं तर डंक बाळूला दिऊन टाकू. त्यो मागतोयच." बोलला ते खोटं नाही, आत्या. घरही याच डंकावर चालतं.

दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग एक नवी नवरी आली, पहिल्यांदाच वर्षाची चटणी करणारी. पाटी बघून म्हणाली, "लईच म्हाग हाय की तुमच्याकडं!"

"व्हय, म्हाग हाय," मी म्हटलं. "एका टायमाला एकाच घराचं कांडतो आमी. उखळ झाडून, पुसून."

सांगितलं बघा मी, तुमच्यासारखी गप्प नाही बसले! ती घुटमळली. बाळूच्या दारातली गर्दी बघून आली. मग पोतं खाली ठेवून म्हणाली, "बसतो मग. माझ्याम्होरं कांडा."

डंक चालू केला आणि मला रडू फुटलं. तुम्ही गेलात तेव्हा पाहुण्यारावळ्यांच्या चहापाण्यात रडायचं राहूनच गेलं होतं हो! ती पोरगी म्हणाली, "मिरची लई तिखाट हाय न्हवं?" मी नुसती मान हलवली.

एका पोत्यानं हंगाम होत नाही, हे मला कळतं. डंक कदाचित जाईलही. पण शब्द देते, आत्या. तो आपल्या हातात आहे तोवर एका घराची चटणी दुसऱ्या घराच्या ताटात जाणार नाही. उद्या कुरुंदवाडला जातेय. आपण काय करत होतो ते भाभींना त्यांच्या दारात उभी राहून सांगणार आहे. पोतं द्यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. पण मागेन ते पुरता दर सांगूनच.

तुमची सून,
वंदना